कागदाएवढी ढील

छर्‍याच्या बंदुकीवर दुर्बीण बसवायची म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, किती पट मोठं दिसतं? दुसरा प्रश्न किमतीचा असतो. ती दुर्बीण बंदुकीला धरून कोण ठेवतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते काम माउंट करतो. माउंट म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन कड्या, खाली चिमट्यासारखी पकड आणि काही स्क्रू. फोटोत तो कधी नीट दिसत नाही. जाहिरातीत त्याचा उल्लेख ‘सोबत मोफत’ एवढाच असतो.

गेल्या वर्षी मी अण्णांसाठी असा एक माउंट शोधत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आमचं गाव परभणीहून पूर्णेच्या वाटेवर. बंदूक मूळची माझी. शाळेत असताना मी ‘ओपन साईट’ प्रकारात विभागीय स्पर्धेपर्यंत गेले होते. बारावीनंतर ती कपाटावर चढली ती तिथेच राहिली. निवृत्तीनंतर अण्णांनी ती खाली काढली. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला त्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली होती आणि त्या दिवसांविषयी ते अजूनही खुलून बोलतात. रिकाम्या गोठ्यात वाळूची पोती रचून, त्यांच्यापुढे कागदी टार्गेट लावून त्यांनी १० मीटरची रेंज तयार केली. सकाळी चहा झाला की दार लावून २०-२५ छर्रे मारायचे, हा त्यांचा नेम झाला.

गावात लगेच चर्चा. ‘मास्तर, हरणं मारायची का रोही?’ आमच्याकडे पिकात रोही आणि रानडुकरं घुसतात, काळविटांचे कळप फिरतात, त्यामुळे प्रश्न अगदीच चेष्टेचा नव्हता. अण्णा प्रत्येकाला सांगायचे की वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, तो छर्‍याच्या बंदुकीलाही लागू होतो, आणि आपल्याला फक्त कागदाला भोकं पाडायची आहेत.

अडचण डोळ्यांची होती. उघड्या साईटने नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. जवळची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं टार्गेट. तिन्हींची अंतरं वेगळी. तरुण डोळा त्यांच्यात भराभर फिरतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि साठीत तर माशी दिसली की टार्गेट पुसट, टार्गेट दिसलं की माशी गायब. चष्मा यातल्या एकाच अंतराची सोय करतो. दुर्बिणीत फुली आणि टार्गेट एकाच प्रतलात दिसतात, त्यामुळे डोळ्याला धावपळ करावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, पण अण्णांना कुठे स्पर्धेत उतरायचं होतं?

माझ्याकडे ५,००० रुपये होते. त्यात दुर्बीण, माउंट, छर्रे, सगळं बसवायचं होतं.

इथे थोडं बंदुकीबद्दल सांगायला हवं. आमची बंदूक नळी मोडून स्प्रिंग ताणायची, साध्या जातीची. अशी बंदूक गोळीच्या रायफलपेक्षा सौम्य वाटते, पण दुर्बिणीवर ती जास्त निर्दय असते. चाप ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो, म्हणून बंदूक मागे ढकलली जाते. लगेच पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो आणि बंदूक पुढे झटका खाते. एका छर्‍यात दोन उलटसुलट हिसके. बंदूक पुढे पळते, दुर्बीण जागेवर राहू पाहते. परिणाम असा की दुर्बीण माउंटसकट हळूहळू मागे सरकते. बंदुकीच्या पाठीवर ११ मिलिमीटरची एक तिरकी खाच असते, तिला डव्हटेल म्हणतात. माउंट त्या खाचेला फक्त चिमटीने धरून असतो.

आता हिशोब. माउंटच्या दोन कड्यांत साधारण १०० मिलिमीटर अंतर धरा. मागची कडी बाजूला ०.१ मिलिमीटर हलली, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी, तर दुर्बिणीची दिशा हजारात एक भागाने बदलते. १० मीटरवर तो फरक १० मिलिमीटर होतो. स्पर्धेच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर. म्हणजे कागदाएवढ्या ढिलाईने दहाचे सहा-सात होतात. मारणार्‍याने सगळं बरोबर केलेलं असलं तरी.

म्हणून मी पैशांची वाटणी उलटी केली. ३ ते ९ पट मोठं दाखवणारी चकचकीत दुर्बीण घेतली असती तर माउंटसाठी काही उरलं नसतं. शिवाय स्वस्त दुर्बिणी बहुधा लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. त्यांत फोकस बदलायची सोय नसेल तर १० मीटरवर ९ पट करून धुकंच मोठं दिसतं. मी ४ पटीची, ३२ मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण घेतली, २,१०० रुपयांना. दुकानदाराला एवढंच विचारलं की ही स्प्रिंगच्या बंदुकीचे दोन्ही बाजूंचे हिसके सोसते का. माउंटचे पैसे बाजूला ठेवले आणि आधी दुर्बिणीसोबत मोफत आलेल्या दोन सुट्या कड्या लावून बघायचं ठरवलं. त्या टिकल्या तर पैसे वाचले.

पहिल्या दिवशी अण्णा खूश. टार्गेट लख्ख दिसत होतं. चौथ्या दिवसापासून छर्रे डावीकडे जाऊ लागले. त्यांनी दुर्बिणीचे खटके फिरवून नेम पुन्हा जुळवला. दोन दिवसांनी छर्रे वर. मग पुन्हा खटके. आठवड्याने त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “दुर्बीण चांगली हाय. हात नाही राह्यला आता आपला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट मान्य करून टाकावी तसं ते म्हणाले. पुढचे तीन दिवस ते गोठ्यात गेलेच नाहीत. पेपर वाचून झाला की नुसते ओट्यावर बसून राहायचे. आई मला फोनवर म्हणाली, “कामून गप गप हायेत, काही कळंना.”

शनिवारी घरी गेल्यावर मी त्यांची जुनी टार्गेटं चाळली. त्यांनी प्रत्येकावर मास्तरांच्या अक्षरात तारीख घातली होती. ती ओळीने मांडल्यावर दिसलं की छर्रे पसरत नव्हते, सरकत होते. हात कापत असेल, श्वास चुकत असेल तर भोकं चहूकडे विखुरतात. इथे पाचही भोकं एकमेकांजवळ होती. पुंजकाच्या पुंजका रोज थोडा वेगळ्या जागी जात होता. हात तसं करत नाही.

मग आम्ही रीतसर तपासलं. आधी दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या बिजागरीचा बोल्ट पाहिला, कारण तिथली ढीलसुद्धा असाच खेळ करते. ते घट्ट होते. मग माउंटच्या मागच्या कडेला लागून बंदुकीच्या पाठीवर बारीक खूण केली, कड्यांच्या बाहेर दुर्बिणीच्या नळीवरही एक केली. ४० छर्‍यांनंतर मागची कडी खुणेवर चढून बसली होती. खुणा जागच्या जागी राहून पुंजका सरकला असता तर दोष दुर्बिणीच्या पोटात असता. तसं नव्हतं.

खात्री म्हणून त्या कड्या मी परभणीच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांना दाखवल्या. त्यांनी व्हर्नियर लावून पकडीची लांबी मोजली. दोन्ही कड्या मिळून २५ मिलिमीटरसुद्धा नाही. “ताई, ह्याच्यात जीवच नाही,” ते म्हणाले. “औत सागवानी अन् पाचर बाभळीच्या काटकीची. कसं चालंल?”

त्यानंतर काय घ्यायचं ते स्पष्ट होतं. अखंड माउंट, म्हणजे दोन्ही कड्या एकाच पट्टीवर, जेणेकरून त्या एकमेकींपासून वेगळ्या हलणार नाहीत आणि पकड लांब मिळेल. डव्हटेल ११ मिलिमीटरचीच, कारण रुंद पट्टीसाठी बनवलेले माउंट दिसायला तसेच असतात, पण या खाचेत बसत नाहीत. कडीचा व्यास दुर्बिणीच्या नळीएवढा, आमच्या बाबतीत २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. वरच्या प्रत्येक टोपीला दोनऐवजी चार स्क्रू. आणि सगळ्यात महत्त्वाची, मागे सरकू न देणारी स्टॉप पिन. ही एक छोटी खुंटी असते, बंदुकीच्या पाठीवरच्या भोकात उतरते आणि हिसका स्वतःच्या अंगावर घेते. उंची गरजेपुरतीच. माउंट फार उंच असला तर गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान अधांतरी राहते. असा माउंट १,७०० रुपयांना मिळाला. नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे याहून कितीतरी महाग असतात. ते चांगलेच असणार, पण आमचं काम एवढ्यात होत होतं.

बसवणं हे निम्मं काम. खाच आणि कड्यांची आतली बाजू थिनरने पुसली, कारण तेलाच्या थराची पकड धरत नाही. फुली सरळ यावी म्हणून अण्णांनी शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणून गोठ्याच्या आढ्याला टांगला आणि त्याच्या दोरीशी उभी रेघ जुळवली. टोप्यांचे स्क्रू कोपर्‍यातून कोपर्‍यात, पाव पाव फेरा देत आवळले. एक बाजू आधी आवळली तर नळी पिळली जाते आणि जोर जास्त झाला तर पातळ अॅल्युमिनियम दबतं. पायाच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खाली उतरणारी नेलपॉलिशची रेघ, म्हणजे स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसणार. नेलपॉलिश माझं, रेघ आईने ओढली.

हे सगळं करताना मला अभिनव बिंद्रा आठवत होता. ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याचा नेम भलतीकडे जाऊ लागला. आपल्या रायफलीशी कुणीतरी छेडछाड केली असावी, असं त्याने नंतर आत्मचरित्रात लिहिलं. त्याने साईट फिरवून जुळवली आणि ७००.५ गुणांसह भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत ऐनवेळी बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने दोन कांस्यपदकं आणली. दोघांच्या बाबतीत हत्याराने दगा दिला, पण तो हत्याराचा दगा आहे हे त्यांना कळत होतं. त्यांच्या हातून हजारो गोळ्या नीट वागणार्‍या हत्यारातून गेलेल्या होत्या. आपला दोष कुठे संपतो आणि यंत्राचा कुठे सुरू होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्याने पहिल्यापासून हलणारीच साईट वापरली त्याला हे कसं कळणार? तो आधी स्वतःवरच संशय घेतो. आमच्या भागात हे नवीन नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता. पेरणी खोल गेली का, ओल कमी होती का, असं विचारून शेतकर्‍यालाच आधी उभं केलं जायचं. अण्णा तेव्हापासून पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवतात. ७० उगवले तरच ते बियाणं शेतात जातं. त्या चाचणीला एक रुपयाही लागत नाही. बंदुकीवरची खूण तसलीच.

स्वस्तात वस्तू घेणार्‍याला हे पाहणं जास्त गरजेचं असतं. पैसेवाला माणूस वस्तू बदलून बघतो. आपल्याकडे बदलायला दुसरी वस्तू नसते, म्हणून आपण आपल्याबद्दलचं मत बदलतो. ‘मला जमत नाही’ हा निष्कर्ष फुकट मिळतो आणि पुढे फार महाग पडतो. भरवशाचा माउंट नेम सुधारत नाही. तो इतकंच करतो की चूक झाली तर ती तुमची असते, म्हणून ती तुम्ही सुधारू शकता.

नव्या माउंटवर ३०० छर्रे झाले, खुणा जागेवर आहेत, नेलपॉलिशच्या रेघा अखंड आहेत. पोत्याचा आधार घेऊन अण्णांचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. एखादा उजवीकडे जातो. तेव्हा ते स्वतःच म्हणतात, “चाप वढला म्या, दाबला नाही,” आणि पुढचा भरतात.

हल्ली गल्लीतली आठवीतली एक पोरगी तिची बंदूक घेऊन येते. जुनी, दोघींत मिळून वापरलेली. ‘तुझं लक्ष नसतं’ हे तिने शाळेत अनेकदा ऐकलंय. अण्णांनी पहिल्या दिवशी तिला एकही छर्रा मारू दिला नाही. मागच्या साईटचा स्क्रू बोटाने हलवून पाहिला, तो हलला. त्यांनी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, “आधी इथं रेघ वढ, बाई. तुझ्याबद्दल मंग बोलू.”