धूर कोणाचा, भार कोणावर?

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची रीत जुनी आहे. हे शहर डिझेल इंजिनाचेही माहेर आहे, हे मात्र फारसे कोणी बोलून दाखवत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाली व खडकीत नांदली. कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स आली. साठच्या दशकातच टेल्कोने पिंपरीच्या उजाड माळावर पाय रोवले आणि १९७७ साली तेथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले. गंमत अशी, की नव्या वाहनाचा धूर मोजून त्याला पास-नापास ठरवणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्थाही याच शहरात, वेताळ टेकडीवर आहे. सकाळी मोकळी हवा खायला तेथे जाणारे पुणेकर त्या भागाला ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात.

आमचे बालपण भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या आसपास गेले. ट्रक हे आमच्या लेखी यंत्र नव्हते, शेजार होता. आमच्या वाड्यातले एक काका अशाच एका सहाचाकी ट्रकचे मालक आणि चालकही होते. गाडी तिसऱ्या हाताची. पहाटे थंड इंजिन सुरू झाले, की काळा धूर सरळ खिडक्यांतून आत येई आणि खालच्या खोलीतल्या दमेकरी आजी पदर नाकाला लावून बसत. याच आजींना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, की हाक काकांनाच जाई. धूर सोडणारा आणि धूर सोसणारा, दोघेही आमचेच होते. म्हणून जुन्या डिझेल ट्रकांविषयीची चर्चा कानावर आली, की कोणत्याही एका बाजूने सरसावून बोलणे आम्हांला जमत नाही.

धुराची बाजू आधी पाहू, कारण ती निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. अवजड इंजिनांच्या सूक्ष्म कणांची मर्यादा आपल्याकडे २००० साली दर किलोवॅट-तासाला ०.३६ ग्रॅम होती. बीएस-३ मध्ये ती ०.१० झाली, बीएस-४ मध्ये ०.०२ आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ०.०१. चाचणीच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या, हे खरे. तरीही निदान कागदावर २००० सालच्या एका ट्रकला जेवढे कण सोडण्याची मुभा होती, तेवढ्यात आजचे छत्तीस ट्रक बसतात. डिझेलमधील गंधकही बीएस-३ च्या ३५० भागांवरून (दहा लाखांत) दहावर आले. जुनी गाडी म्हणजे गतकाळाची हळवी आठवण, असे म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा दमेकरी माणसाशेजारी बसून वाचावेत.

मात्र हे सारे निकष नव्या गाडीसाठी असतात. गाडी एकदा रस्त्यावर आली, की तिच्या धुराची परीक्षा म्हणजे पीयूसी. गाडी जागेवर उभी करून, ॲक्सिलरेटर दाबून धुराची दाटी मोजायची. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा, बीएस-४ गाड्यांना ५० पर्यंत. भरल्या मालानिशी कात्रजचा घाट चढताना तीच गाडी काय ओकते, हे त्या यंत्राला कळत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तर ते मोजतच नाही. मोजमाप असे तोकडे पडले, की राज्यकर्त्यांना सोपी खूण हवी असते आणि ती म्हणजे वय. पण वय म्हणजे धूर नव्हे. निगा राखलेले पंधरा वर्षांचे इंजिन आणि भेसळीच्या इंधनावर पिटाळलेले आठ वर्षांचे इंजिन यांना एकाच पंचांगाने तोलता येत नाही.

दिल्लीने हा वयाचा मार्ग धरला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली. तो आदेश पुढे न्यायालयात अनेक वळणे घेत राहिला. मधल्या काळात कित्येक गाड्या ना हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. धूर संपला नाही, त्याने गाव बदलले.

यातली खरी मेख मालकीच्या उतरंडीत आहे. नवा ट्रक मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे लांब पल्ल्यावर धावतो. काही वर्षांनी तो मध्यम धंदेवाल्याकडे जातो, मग वीट-वाळूवाल्याकडे आणि शेवटी तालुक्यातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या, स्वतःच चालक असलेल्या मालकाकडे. गाडीची उमेदीची वर्षे ज्यांनी वापरली, ते केव्हाच सुटलेले असतात. कायदा दारात येतो तो शेवटच्याच्या. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील ट्रकच्या पासिंगचे शुल्क साडेबारा हजार रुपये झाले. सोबत सवलतही ठेवली : मोडीच्या दाखल्यावर नवी व्यावसायिक गाडी घेतल्यास करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट. आमच्या काकांना हे वाचून दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, नवी घ्यायची ऐपत असती, तर तिसऱ्या हाताची कशाला घेतली असती?” दाखला विकता येतो, हेही आम्ही सांगितले. “आणि दुसऱ्या दिवशी भाडे कशावर मारायचे?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

टेल्कोचे सुमंत मुळगावकर दुपारच्या जेवणाला ढाब्यावर जाऊन ट्रकचालकांशी बोलत आणि गाडीतल्या उणिवा त्यांच्याच तोंडून समजून घेत, असे सांगतात. धोरण आखणाऱ्यांनी असे दोन-चार ढाबे पाहिले असते, तर पैसा कोठे द्यायचा हे त्यांना उमगले असते. सवलत नव्याच्या खरेदीवर देण्याऐवजी जुने सोडण्यावर द्यावी. ती एवढी असावी, की शेवटच्या मालकाला निदान एक वापरलेली बीएस-४ गाडी घेता यावी. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा धूर नीट मोजावा आणि वयाऐवजी त्या मापाला मान द्यावा. बीएस-६ गाडीत कण अडवणारी गाळणी असते, युरियाचे द्रावण असते, सेन्सर असतात. कानाने नोझलचा दोष ओळखणाऱ्या हमरस्त्यावरच्या मिस्त्रीला ही विद्या शिकवण्याची सोय कोणीतरी करावी. नाहीतर ट्रकबरोबर त्यालाही भंगारात काढल्यासारखे होईल.

याच शहरात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पाठीवरच्या पोत्याचे वजन पन्नास किलोंपेक्षा अधिक नसावे म्हणून झगडा केला. ओझे किती आणि ते कोणाच्या पाठीवर, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. स्वच्छ हवा सर्वांना मिळणार आहे. कोथरूडच्या सदनिकेला मिळणार आहे आणि मार्केट यार्डातल्या हमालालाही. मग तिची किंमत एकट्या शेवटच्या मालकाने का मोजावी? जुने ट्रक गेलेच पाहिजेत, आजींच्या आठवणीने आम्ही हे निःशंकपणे म्हणतो. फक्त ते जाताना त्यांच्या मालकाची चूलही विझवून गेले, तर त्या हवेला स्वच्छ म्हणताना आमची जीभ अडखळेल.