भेज्यावरची जाळी

ऐकू कमी यायला लागलं तसं नातेवाइकांना रिपोर्ट समजावून सांगायचं काम मी आमच्या सिस्टरकडे सोपवलं. ती ठाकरवाडीतली. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली माणसं खाली मान घालून काय पुटपुटतात ते तिला कळतं. मला कानात यंत्र घालूनही नाही.

माझा जीव मात्र एकाच शब्दात अडकलाय : मेंदूज्वर. मेनिंजायटिसही मेंदूज्वर, एन्सेफलायटिसही मेंदूज्वर. मग बाप हटकून विचारतो, "कशेळ्याच्या पोराला पण मेंदूज्वरच होता. तो सुया घेऊन घरी गेला, आमचा का नाय?" त्याचं मेंदूवरचं आवरण जंतूंनी सुजलेलं, अँटिबायोटिकला दाद देणारं, याचा विषाणू थेट मेंदूतच. परिभाषावाल्यांनी 'मस्तिष्कावरणशोथ' दिला. बिनचूक आहे. फणफणलेलं पोर मांडीवर घेतलेल्या आईपुढे उच्चारून बघा. नवे डॉक्टर 'ब्रेन इन्फेक्शन' म्हणून मोकळे होतात. ते तर मी समजावणंच मानत नाही.

फ्रेंच डॉक्टरांचा मला हेवा वाटे. खाटकाकडे सेर्वेल, माणसाच्या डोक्यात सेर्वो, हे दोन्ही लॅटिनचे; रुग्णालयात आँसेफाल, हा ग्रीक, अर्थ नुसता 'डोक्यातलं'. आँसेफालित वेगळा, मेनँजित वेगळा, गल्लत नाही. बाहेरच्या जाड आवरणाला अरबी वैद्य 'आई' म्हणत. ११व्या-१२व्या शतकांत त्यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये आले, म्हणून इटालियनांची 'दुरा माद्रे'. हे सगळं मी मुलांच्या बापांना ऐकवलेलं आहे. आजार कळावा म्हणून कमी, डॉक्टर किती वाचतो ते कळावं म्हणून जास्त.

परवा पाठीतलं पाणी काढायची संमती हवी होती. सिस्टर म्हणाली, "ताई, बोकडाचा भेजा धुताना वरची लाल जाळी सोलून काढतेस ना? बाळाची ती सुजलीय असं वाटतंय. पाणी बघितलं की कळंल." बाईनं लगेच अंगठा दिला.

मी चडफडलो, कारण हे शरीरशास्त्रालाही धरून आहे. जाड आवरण कवटीलाच चिकटून राहतं. भेज्यावरून सोलली जातात ती आतली पातळ आवरणं, रक्तवाहिन्यांसकट. आणि मेनिंजायटिसमध्ये सुजतात ती हीच. त्यातल्या एकाचं ग्रीकवरून पडलेलं नाव 'कोळ्याच्या जाळ्यासारखं' असंच आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

"आणि दोन्ही सुजलं असेल तर?" मी तिला अडवायला गेलो.

"जाळीसकट भेजा."

माळकरी घर आलं की मात्र तिची पंचाईत होते. ती माझ्याकडे बघते. मी यंत्राचा आवाज वाढवतो आणि दुरा माद्रेपासून सुरुवात करतो.