भांडी जपण्याची नोकरी

"मुलगी काय करते?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आलं, की आई सुखी असते. डॉक्टर, शिक्षिका, बँकेत. माझ्या धाकट्या बहिणीचं हे सुख गेली तीन-चार वर्षं हरवलं आहे. तिची लेक गृहसजावट शिकली, मग बडोद्याला जाऊन संग्रहालयशास्त्र शिकली (तिथल्या विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे, हे मलाही आत्ताच कळलं), आणि आता तिला क्युरेटर व्हायचंय. सरकारी मराठीत अभिरक्षक. तेही तलवारी-चिलखतांची नव्हे, तर आपल्या काळातल्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंची! बहीण फोनवर मला म्हणाली, "ताई, भांडीच जपायची तर घरात काय थोडी आहेत? त्याला पदवी कशाला?"

भाचीची समजूत घालायचं काम माझ्यावर सोपवून बहिणीने तिला उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्याकडे तारोडीला धाडलं. भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या बाजूला यायला लागलं, की डोंगरीजवळ आमचं गाव. नेमकं त्याच वेळी छपराचं काम निघालं होतं. माळा रिकामा करायचा होता आणि ह्यांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. पितळेचा भाव किलोवर. समजूत राहिली बाजूला, पोरीने मलाच माळ्यावर चढवलं.

खाली आलेली प्रत्येक वस्तू ती आधी नुसती बघायची. मग वहीत नोंद. क्रमांक, नाव, कशाची केलेली, लांबी-रुंदी, कुठून आली, कोण वापरत होतं, आत्ता कोणत्या स्थितीत आहे. क्रमांकाची चिठ्ठी सुती नाडीने बांधायची, वस्तूला डिंक लावायचा नाही. मी सवयीने चिंचेचा कोळ घेऊन कळशी घासायला बसले, तर तिने हात धरला. चिंचेच्या आंबटाने पितळ लखलखतं खरं, पण दर वेळी वरचा थर थोडा थोडा जातो आणि त्याबरोबर ठोकलेली अक्षरंही झिजतात. रोजच्या भांड्याला चिंच लावा, मावशी, पण जे राखायचं त्याला कोरडं मऊ फडकं पुरे.

ती अक्षरं! आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत किती जुनी आणि किती शहाणपणाची आहे, हे मला त्या दिवशी उमगलं. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ, तारीख, गाव, सगळं बारीक टिंबाटिंबांनी काठावर. संग्रहालयातल्या वस्तूपाशी पाटी लावतात ना, तीच ही. फरक एवढाच, की आमच्या माळ्यावरच्या बहुतेक भांड्यांवर नावं पुरुषांची निघाली, ज्यांनी जन्मात कधी कळशी कमरेवर घेतली नसेल त्यांची. म्हणून भाचीच्या वहीतला 'कोण वापरत होतं' हा रकाना मला फार आवडला.

हे काही साहेबाकडून आलेलं खूळ नव्हे बरं का. पुण्याला बाजीराव रस्त्यावर राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा घरचा धंदा चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. काय जमवलं? अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्री, दौती, साचे. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमल्या आणि पुढे त्यांनी सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. १९८० साली पद्मश्री मिळाली, १९९० साली ते गेले. अडकित्त्यावर मोर किंवा घोडा घडवणारा कारागीर कोण होता, हे आज कुणी सांगू शकत नाही. केळकरांनी उचलला नसता, तर तो अडकित्ताही मोडीत गेला असता.

"मग मी काय वेगळं करत्येय?" भाची म्हणाली. वेगळं एवढंच, की केळकरांनी जुनं वेचलं, हिला आजचं वेचायचंय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, म्हणजे मोमामध्ये, अशा वस्तूंचा विभाग १९३२ पासून आहे. तिथे १९९४ पासून पाओला अँतोनेली नावाच्या इटालियन बाई काम करताहेत. त्यांनी आधी दोन वर्षं अर्थशास्त्र केलं, ते सोडून वास्तुशास्त्र, मग मासिकांत लेखन, आणि मग संग्रहालय. बहिणीला मी हे मुद्दाम ऐकवलं, वळणं घेतलेल्या मुली वाया जात नाहीत म्हणून! या बाईंनी २०१० साली ई-मेलच्या पत्त्यातलं ते शेपटीवालं चिन्ह संग्रहात घेतलं. घेतलं म्हणजे काय, कोण जाणे. विकत तर घेता येत नाही. २०१७ साली त्यांनी अंगावर घालायच्या १११ वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. त्यात साधा पांढरा टी-शर्ट होता आणि आपली साडीही होती. शिलाई नाही, बटण नाही, कुठल्याही अंगाला बसते. आपण रोज नेसतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

मग मीही तिच्या नजरेने बघू लागले. शेजारच्या ख्रिस्ती मावशी वर्षाचा बाटली मसाला बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. मला वाटायचं, बाटल्या फुकट मिळतात म्हणून. तर गडद काचेतून उजेड कमी जातो, मसाल्याचा रंग आणि वास टिकतो. माझा हॉकिन्सचा कुकर बघा. ही कंपनी मुंबईत १९५९ साली निघाली. झाकण आतून बसतं, वाफ त्याला वर काठाशी घट्ट दाबून धरते, आणि दाब उतरेपर्यंत कितीही ओढा, ते निघत नाही. घाईतल्या बाईचा हात भाजू नये, याचा विचार कुणीतरी झाकणातच करून ठेवला आहे.

आणि हो, क्युरेटर म्हणजे सगळंच साठवणारी नव्हे. चार सारख्या घागरींतली एक ठेवून तीन तिनेच भंगारात काढायला लावल्या. आमचे हे भलतेच खूश.

बहिणीची खरी काळजी मात्र वेडगळ नाही. अशा जागा मोजक्या असतात. भाचीला मुंबईतल्या एका संग्रहालयातून बोलावणं आलं, तेही अकरा महिन्यांच्या कराराचं. पगार असा, की खोलीचं भाडं वजा जाता डब्यापुरता उरेल. "पुढच्या वर्षी काय?" हा प्रश्न आईने विचारायचा नाही तर कुणी? मी तिला खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हटलं, की पहिलं वर्ष पोरीने आमच्याकडे राहावं. तारोडीहून बस, मग भाईंदरची लोकल, जाऊन-येऊन चार तास मोडतील. पण भाडं वाचेल. भाची एका पायावर तयार झाली. ह्यांनी माळ्याखालची खोली तिला दिली.

बहिणीने अजून तोंडाने होकार भरलेला नाही. पण परवा तिचा फोन आला, आमच्या आईचा शालू घडीवर चिरायला लागलाय, काय करू? मी फोन भाचीकडे दिला. तिने सांगितलं ते तुम्हीही लिहून घ्या: शालू टांगू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेली कोरी मलमल आधी गुंडाळा, मग शालू सैलसर गुंडाळा, जर आत दुमडू देऊ नका, वरून पुन्हा मलमल. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. नळी नाहीच मिळाली, तर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. आणि कापडाच्या तुकड्यावर पेन्सिलीने आईचं नाव लिहून आत ठेवा, शाईने नको.