माळाची कमाई

पुरंदर, सुपे, बारामतीकडच्या माळांवर झाडं लावणं मी कित्येक वर्षं पुण्यकर्म मानत आलो. दप्तरी 'पडीक' अशी नोंद, उथळ मुरमाड माती, पावसाचा भरवसा नाही. तिथं रोपं लावायला हवीत याबद्दल मनात शंकाच नव्हती. आता मी माळावर झाड लावत नाही, आणि इतरांनाही लावू नका म्हणतो. ज्यांच्याबरोबर इतके पावसाळे खड्डे खणले, त्यांना हे रुचत नाही. तरीही मनापासून लिहितो आहे.

मत बदललं ते गवतामुळं. दिवाळीच्या सुमारास कुसळी पिकते. तिच्या बियाला लांब, पिळदार कुसळ असतं. ओल लागली की ते पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा घेतं, आणि या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. तळहातावर बी ठेवून त्यावर थेंबभर पाणी सोडा, ते आपोआप वळायला लागतं. ते पाहिल्यावर माळाला 'जंगल होऊ न शकलेली जागा' म्हणणं मला जड जाऊ लागलं.

मग हिशेब कळत गेला. झाड काय, गवत काय, दोघंही उन्हावरच जगतात. पण झाड आपल्या कमाईचा मोठा वाटा लाकडात घालतं, आणि लाकूड पचवणारे जीव थोडे. गवत लाकूड करत नाही. त्याचं पातं वर्षाच्या आत कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातं: नाकतोडा, वाळवी, ससा, चिंकारा, धनगराची मेंढी. वाढीचे कोंब जमिनीलगत, मुळं खाली शाबूत, त्यामुळं चरलं काय नि वणव्यात जळलं काय, पावसाला ते पुन्हा फुटतं.

अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तळ्यावर काम करून रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये अन्नसाखळीतल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. एका पायरीवरून दुसरीवर ऊर्जा जाते तेव्हा तिचा बराचसा भाग उष्णता होऊन निघून जातो. ढोबळ मानानं दहावा हिस्सा पुढं पोचतो. म्हणजे थोडेसे शिकारी पक्षी पोसायचे तरी खाली गवत किती लागत असेल! हिवाळ्यात मध्य आशियातून मोंटेग्यूचे भोवत्ये आपल्या माळांवर येतात. दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. कझाकस्तानातल्या त्या पाखराचा हिवाळा असा कुसळी आणि पवन्या गवतावर तगून असतो. अशा माळावर आपण उंदीरमारीची झाडं लावतो, इथल्या शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून. जनावरं टाळतात हा ज्या झाडाचा गुण, ते माळाच्या साखळीला काय देणार?

'पूर्वी इथं घनदाट जंगल होतं' हा माझाही लाडका युक्तिवाद होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तर त्यांत मोकळ्या, काटेरी माळावरच्या वनस्पतीच ठळकपणे पुढं आल्या. माळ शेकडो वर्षं माळच होता. धाविक, चंडोल, माळटिटवी, माळढोक या पक्ष्यांना दूरवर नजर पोचेल अशी उघडी जमीनच लागते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. तो पक्षी आज तिथं अपवादानंच दिसतो, आणि याची मला फार खंत वाटते.

ओढ्याकाठी, वेशीवर, देवराईच्या कडेनं मी आजही झाडं लावतो. माळावरच्या वृक्षारोपणाचं बोलावणं आलं की आधी ऑक्टोबरात, पवन्या नि मारवेल कमरेएवढं उभं असताना एकदा या, अशी विनंती करतो. यंदा एका मंडळानं आपली रोपं ओढ्याकाठी हलवली. पलीकडच्या माळावर मात्र खड्डे खणून झालेत; त्या मंडळींशी बोलणं चालू आहे.