मधला दिवस

लांबच्या ट्रिपमध्ये दोन प्रकारचे दिवस असतात. बघायचे आणि पोचायचे. बघायच्या दिवसांचे फोटो निघतात, ते फॅमिली ग्रुपवर जातात, मावश्या-आत्या त्यांना अंगठे देतात. पोचायच्या दिवसाचं काय? बॅगा भरा, बिल चुकतं करा, चार्जर राहिला का बघा, गाडीत बसा, उतरा, बॅगा काढा. झाला दिवस. कोणी फोनवर विचारलंच तर आपण सांगतो, "आज काही नाही, नुसता प्रवास."

गेल्या जानेवारीत आम्ही पुण्याहून गाडीने सोळा दिवस दक्षिणेत फिरून आलो. नवरा, मी, लेक आणि सासूबाई. हंपी, कांची, चिदंबरम वगैरेंवर सवडीने लिहीन (असं मी दर वेळी म्हणते, ते सोडा). आज लिहायचंय ते तंजावर ते रामेश्वर या एका पोचायच्या दिवसाबद्दल.

आधी गडूबद्दल सांगायला हवं. सासरे आणि सासूबाई १९९८ साली काशीला गेले होते. तिथून गंगेचा झाळलेला तांब्याचा गडू आणला. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. पुढच्या वर्षी रामेश्वर, असं ठरलं होतं. मग घराचं काम निघालं, मग नणंदेचं लग्न, मग गुडघे, मग कोविड. गडू देवघरात तसाच. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. छातीत दुखत होतं तर "ॲसिडिटी आहे, काही नाही" असं म्हणत म्हणत गेले. त्यानंतर सासूबाई रोज पूजा करताना तो गडू नुसता पुसून जागेवर ठेवायच्या, बोलायच्या काही नाहीत. यंदा नवऱ्यानेच विषय काढला. ट्रिपभर तो गडू त्यांच्या पायाशी, शालीत गुंडाळलेला.

तंजावरहून रामेश्वरला जायचा सरधोपट रस्ता पुदुकोट्टई, कारैकुडीवरून आहे. तो सोडून आम्ही पट्टुकोट्टईवरून समुद्राच्या कडेने जायचं ठरवलं. हट्ट माझा. कारण काय, तर छत्रं.

तंजावरच्या भोसल्यांबद्दल आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. व्यंकोजीराजे, सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला मोठा मराठी शिलालेख. पण या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर अन्नछत्रांची एक रांगच उभी केली होती, हे मला ट्रिपच्या तयारीत कळलं. तमिळमध्ये त्याला चत्तिरम म्हणतात. आपलं अन्नसत्र नि अन्नछत्र तेच हे. १७९९ च्या तहात राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा सरफोजीराजांनी निदान ही छत्रं तरी आपल्याकडे राहू द्या म्हणून धडपड केली. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि छत्रांत काय काय चालतं ते सांगितलं. वाचून मी थक्क झाले. येणाऱ्या प्रत्येकाला जातपात न बघता जेवण. शिजवलेला भात नको असेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा, की कोणी जेवायचं राहिलंय का. आजाऱ्याला औषध, तान्ह्या मुलाला दूध, बाळंतिणीची व्यवस्था, अनाथ मुलांना शिक्षक. वाटेत कोणी मेलाच तर त्याचे अंत्यसंस्कार.

म्हणजे बघा, देऊळ रामेश्वरात, राजधानी तंजावरात. पण या माणसाला चिंता मधल्या दिवसांची. पायी येणाऱ्या यात्रेकरूचे असे कितीतरी दिवस जायचे, त्यातल्या प्रत्येक दिवशी त्याला भूक लागणार, कोणी आजारी पडणार, हे धरून चाललेला विचार.

तर सकाळी साडेसातला निघालो. पोंगल नुकताच झालेला. दारोदारी रांगोळ्या होत्या, शेतात भाताची कापणी चालू होती आणि काही ठिकाणी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेला. नवरा गाडी अशी जपून काढत होता, जणू कोणाच्या अंगणातून चाललोय.

ओरत्तनाडूला पहिला थांबा. इथे सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबा राजांची लग्नाची बायको नव्हती. तिने जाताना माझ्या नावाने अन्नछत्र घाला एवढंच मागितलं, असं सांगतात. इमारतीच्या जोत्याला दगडी हत्ती-घोडे आहेत, अख्खं छत्र रथासारखं ओढत नेणारे. भिंतींना वयाच्या खुणा आहेत. पण पुढे याच जागेत शाळा आणि मुलांचं वसतिगृह आलं, त्यामुळे जागा ओस पडली नाही. सासूबाई जोत्यावर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताजमहाल नाही बांधला, जेवण घातलं. शहाणी होती बाई."

न्याहारी समोरच्या हॉटेलात. सासूबाईंनी एकच इडली खाल्ली. प्रवासात पोट हलकं असावं, हा त्यांचा जुना नियम. शुगरची गोळी मात्र घड्याळ लावून घेतली.

पट्टुकोट्टईच्या पुढे समुद्र लागला. किनाऱ्यावर मनोरा आहे. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला आठ मजली षटकोनी बुरूज. नेपोलियन युरोपात हरला आणि इकडे मासेमारीच्या होड्यांशेजारी मराठी राजाने मनोरा उभारला, हे लेकीला फार गंमतीचं वाटलं. मला त्यात लाचारी जास्त दिसली. जवळच एका गावाचं नाव सेतुबावाछत्रम्. गावाच्या नावातच सेतू, बावा आणि छत्र! मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

मग सरळ रस्ता. डावीकडे मधूनच समुद्र, उजवीकडे ताड आणि वेडी बाभूळ. मीमिसल मागे पडलं. पाऊण वाजला असेल. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मला वाटलं डोळा लागला. लेक म्हणाली, "आजी, एवढा घाम का आलाय तुला?" एसी चालू होता.

गाडी बाजूला घेतली. हात थंडगार, बोलणं जड. मीटर लावला, ५६. साखरेचं पाणी पाजलं. नवरा रस्त्यावर उभा राहून फोनवर जवळचं हॉस्पिटल शोधत होता. त्याचा आवाज चढला की तो घाबरलेला असतो, हे आता मला कळतं. पंधरा मिनिटांनी मीटर ८४ वर आला. सासूबाई सावरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मला काही झालेलं नाही. चला."

"बाबाही हेच म्हणाले होते," नवरा म्हणाला.

गाडीत कोणी काही बोललं नाही. तीन वर्षांत हे वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

तो म्हणाला, रामनाथपुरमला डॉक्टर, आणि मग वाटलं तर मदुराई. रामेश्वर पुन्हा कधीतरी. सासूबाईंनी गडू पायाशी होता तो मांडीवर घेतला. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. "पुन्हा कधीतरी सत्तावीस वर्षं झालं, रे," एवढंच.

साखरेनंतर पोटात नीट अन्न जायला हवं होतं. आमच्याकडे बिस्किटं आणि केळ्याचे वेफर्स. पुढे थोड्याच अंतरावर ताडपत्रीखाली चहाची टपरी आणि मागे घर. मी उतरून टपरीवालीला खुणेने विचारलं, जेवण मिळेल का. तिने नाही म्हणून हात हलवला, काचेच्या बरणीतला मुरुक्कू दाखवला. मग तिची नजर गाडीच्या उघड्या दारातून सासूबाईंवर गेली. ती सरळ त्यांच्याजवळ आली, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "साप्टींगळा?"

जेवलात का. एवढं तमिळ आम्हाला आठ दिवसांत कळायला लागलं होतं.

आणि मग ती आत गेली आणि स्वतःच्या घरचा भात घेऊन आली. स्टीलच्या ताटात भात, रसम, बाजूला ताक आणि लोणच्याची फोड. घरातलं, त्यांच्या जेवणातलं. एक प्लास्टिकची खुर्ची आली, पंखा सासूबाईंकडे वळला. त्या हळूहळू जेवल्या. बाई शेजारी उभी राहून वाढत होती, "पोदुम" म्हटल्यावरही आणखी एक डाव. सोवळंओवळं सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंनी ते ताट पुसून खाल्लं.

बाईने गडूकडे बोट केलं. सासूबाई म्हणाल्या, "काशी. गंगा. रामेश्वर." तिघींना कळणारे हे तीनच शब्द. बाईने चपला काढल्या, गडूला दोन्ही हात लावून डोळ्यांना लावले. पैसे द्यायला गेलो तर आमच्या चार चहांचे घेतले, भाताचे नाही. नवऱ्याने नोट परत पुढे केली तेव्हा ती जरा रागावलीच.

रामनाथपुरमला एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी, ईसीजी, सगळं बघितलं. गोळी आणि एक इडली हे गणित जमत नाही, असं सासूबाईंना इंग्रजीत सुनावलं, लेकीने त्याचं मराठी अगदी चवीने केलं. वेळच्या वेळी खाल्लं तर रामेश्वरला जायला हरकत नाही, म्हणाले. नवऱ्याने तोच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा डॉक्टर हसले. बाहेर येऊन तो गाडीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, यापुढे काही वाटलं की सांगायचं. लगेच." त्या म्हणाल्या, "सांगीन. आणि तूही." ती कशाबद्दल बोलत होती ते आम्हा दोघांना कळलं.

मंडपमच्या पुढे पांबनचा पूल लागला तेव्हा सूर्य कलला होता. १९८८ साली हा रस्त्याचा पूल झाला, त्याआधी बेटावर जायला फक्त रेल्वेचा १९१४ चा पूल. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात धनुष्कोडीची पॅसेंजर गाडी माणसांसकट वाहून गेली. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या, घरी पेपर मोठ्याने वाचला गेला होता ते त्यांना आठवतंय. जुन्या पुलावरची रेल्वे डिसेंबर २०२२ मध्ये थांबली आणि एप्रिल २०२५ पासून शेजारच्या नव्या पुलावरून धावते. मधला अख्खा गाळा उभा वर उचलला जातो. लेकीला तो उचलताना बघायचा होता, पण त्या संध्याकाळी जहाज काही आलं नाही. सासूबाई मात्र खिडकीची काच खाली करून पूर्ण पूल संपेपर्यंत पाणी बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अभिषेक झाला. गडूची झाळ फोडताना नवऱ्याचा हात थरथरला, एवढंच सांगते. बाकी ते त्या दोघांचं.

आता पुण्यात नातेवाईक भेटायला येतात. "रामेश्वर कसं झालं?" विचारतात. त्यांना देवळाबद्दल, बावीस तीर्थांच्या स्नानाबद्दल ऐकायचं असतं. सासूबाई सुरुवात करतात ती मीमिसलच्या पुढच्या टपरीपासून. रसमात मिरी किती होती, ताक किती ताजं होतं, बाईच्या हातात बांगड्या किती होत्या. आत्याबाई परवा कंटाळून म्हणाल्या, "अगं, पण देवळाचं सांग की!" "सांगते," सासूबाई म्हणाल्या, "आधी हे ऐक."

बावीस तीर्थांपर्यंत त्या अजून कोणाहीपाशी पोचलेल्या नाहीत.