अस्सल

आकुर्डीच्या कारखान्यात जन्मलेली बाबांची १९७५ची चेतक जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला न्यायची ठरली आणि घरात टायरांवरून दोन पक्ष पडले.

"आजोबांच्या हातचेच टायर राहू द्या. परीक्षक अस्सलपणा बघतात," चिरंजीव म्हणाले.

मी नख टेकवले. रबर कसले, दगड! कडेला भेगा. चिंचवडच्या दुकानदाराने त्याच मापाचे, साडेतीन-दहाचे, जुन्या नक्षीचे नवे टायर दाखवले; पण गालावर आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे! वय लपेना.

मग आठवले, बाबा पावसाळ्यापूर्वी स्टेपनीसह तिन्ही चाकांची अदलाबदल करीत आणि नक्षी झिजली की टायर बदलून टाकीत. मागे आई बसायची ना!

नवेच घातले. गुण गेले, बाबांची रीत मात्र अस्सल राहिली.