सहीपुरतं व्याख्यान

एमएला तासांना ७५ टक्के हजेरी लागते, ते समजण्यासारखं आहे. पण संध्याकाळच्या अवांतर व्याख्यानालाही सही सक्तीची, नाहीतर अंतर्गत गुण कापणार... हे काही पटत नाही बुवा! राधानगरी-गारगोटीकडून रोज ये-जा करणाऱ्या पोरांचा जीव तोवर एसटीत अडकलेला असतो. सही झाली की मागचं दार गाठायचं.

सक्ती कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण ते शिक्षण मोफत होतं आणि सक्ती होती ती पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर राहिलेल्यांना आत आणण्यासाठी. एमएची मुलं तर आपण होऊन आत आलेली!

याच गावात कॉम्रेड गोविंद पानसरेंनी मुलाच्या, अविनाशच्या नावानं व्याख्यानमाला सुरू केली. २०१५ मध्ये पानसरेंचा खून झाला, त्यानंतरही ती होत राहिली. तिथं कुणी सह्या घेत नाही, तरी माणसं येतात.

वक्ता चांगला आणा, वेळ दुपारची ठेवा, प्रश्न विचारू द्या. मग सहीचा कागद कपाटातच राहिला तरी चालेल.

असो.